गुडघ्याला हात लावायचा नाही

माझ्या लेकीचा गुडघा कबड्डीत गेला. चढाईहून परत फिरताना पाय जमिनीत रुतून राहिला आणि ती वरून वळली. लालबागच्या त्या मैदानावर मी नव्हते. तिचा खेळ बघायला मी कधीच जात नाही, मला बघवत नाही. मैत्रिणींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून घरी आणली तेव्हा ती हसत होती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. आतलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. टाके सुकल्यावर परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात व्यायामाला यायला सांगितलं, आठवड्यातून तीन दिवस.

तिथे तिला एका शिकणाऱ्या मुलीकडे दिलं. फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष, खेळाडूंच्या विभागात तिची दोन महिन्यांची पाळी. माझ्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. तोंडावर मी तिला मॅडमच म्हणायचे, पण तिच्यावर आणखी एक मॅडम होत्या, म्हणून ह्या वहीत मी तिला छोटी डॉक्टर लिहिते आणि त्यांना मॅडम.

छोटी डॉक्टर दादरची. बोलणं अगदी पुस्तकासारखं. "आता पाय सावकाश सरळ करा, मांडीचा स्नायू आवळा, पाचपर्यंत मोजा," असं म्हणायची आणि स्वतःच तोंडातल्या तोंडात मोजायची. लेक घरी येऊन तिची नक्कल करायची. "आये, तिला सांग ना, अहो-जाहो नको करू. मला वाटतं माझ्या लग्नाचं बघायला आलेत." पण तिच्या समोर मुकाट्याने सगळं करायची. त्या मुलीचे हात गार असायचे, घाबरल्यामुळे. मला ते लगेच कळलं, कारण मी हातांचंच काम करते.

मी बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करते. गिरगाव, दादर, परळ, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. चौथीनंतर शाळा सुटली, लोकांत बोलायला मला जमत नाही, पण बाळ पायांवर घेतलं की माझे हात आपोआप बोलायला लागतात. अंगातला वात कुठे धरलाय, पोट कुठे फुगलंय, हे बाळाची आई सांगायच्या आधी मला कळतं. आखडलेले पाय मी मोकळे केलेत. पंचवीस वर्षांत एकाही घरातून तक्रार आली नाही.

पहिल्याच दिवशी छोट्या डॉक्टरने एक कागद दिला होता. त्यावर व्यायामांची चित्रं होती आणि खाली तिने पेनाने लिहिलं होतं: तेल लावू नका, चोळू नका, शेकू नका. तिने ते वाचून दाखवलं. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, हे रस्त्यावरच्या हाडवैद्याकडे जाणाऱ्यांसाठी असेल. मी तर आई आहे, आणि माझं कामच हे.

पहाटे पाणी यायच्या आधी मी तिळाचं तेल तापवायचे, त्यात लसूण आणि ओवा. लेक चटईवर पडायची. मी टाक्यांची जागा सोडून गुडघ्याच्या चारी बाजूंनी अंगठे फिरवायचे, मग टाच धरून पाय हळूहळू दुमडायचे, बाळाचा दुमडतो तसा. ती दात आवळायची आणि म्हणायची, "अजून. थोडा अजून." तिला घाई होती. एका कंपनीच्या संघाची निवड होती पावसाळ्यानंतर. "आये, तिकडे सांगू नको हां. उगाच लेक्चर देतील." मी कशाला सांगू. मी तिकडे एक शब्द बोलत नव्हते.

दुसरा आठवडा संपता संपता गुडघा सुजायला लागला. छोटी डॉक्टर शिंपी मापं घेतो तशा टेपने गुडघ्याचा घेर मोजायची आणि दर वेळी आकडा वाढलेला असायचा. ती पुन्हा मोजायची, मग दुसऱ्या पायाचा मोजायची. "घरी जास्त चाललात का? जिने?" लेक म्हणायची, "नाही." ते खरंच होतं. "व्यायाम सांगितले तेवढेच करताय ना?" "हो." तेही खरं होतं. ती आपल्या वहीत काहीतरी खोडायची, परत लिहायची. एकदा मला म्हणाली, "काकू, माझंच काहीतरी चुकतंय. रात्री पुस्तकं उघडून बसते, पण सापडत नाही." मी पिशवीचा बंद आवळत बसले. सूज म्हणजे आतली घाण बाहेर पडतेय, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तसं वाटून घ्यायला मला सोयीचं होतं.

मग एका सोमवारी मॅडम फेरीला आल्या. उंच, बारीक, केस कापलेले. त्यांनी लेकीच्या गुडघ्यावर बोट दाबलं आणि सुजेत पडलेला खड्डा बघत राहिल्या.

"काय करून घेतेस तू हिच्याकडून?"

छोट्या डॉक्टरने फाइल पुढे केली. शेजारच्या खाटांवरचे पेशंट, बाकीचे विद्यार्थी, सगळे ऐकत होते.

"कागदावर सगळं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "गुडघ्याला कागद वाचता येतो का? आजपासून व्यायाम निम्मे. शुक्रवारी मी सूज बघेन. उतरली नाही तर कारण दुसरं काहीतरी आहे, ते शोधू. आणि उतरली, तर तू जास्त करून घेत होतीस असं समजेन आणि ही केस दुसऱ्याला देईन."

ती हो मॅडम म्हणाली. मॅडम गेल्यावर ती शेकायच्या मेणाच्या यंत्रामागे जाऊन उभी राहिली. मला फक्त तिचा पांढरा कोट आणि खाली घातलेली मान दिसत होती. मी लेकीला घरी सोडलं आणि गिरगावला कामाला गेले. तिथे बारा दिवसांचं बाळ होतं. बाळाच्या आजी म्हणाल्या, "आज तुमचं लक्ष कुठाय हो? तेल कानात जातंय त्याच्या."

घरी येऊन मी ठरवलं, आता बंद. कुणाला काही सांगायला नको, गुपचूप बंद करायचं, सूज उतरेल, सगळं ठीक होईल. मंगळवारी पहाटे लेक चटई घालून बसली. मी म्हटलं, "आज नाही." तिने विचारलं, "का?" मी पाणी भरायला गेले.

बुधवारी गुडघा थोडा उतरला. शुक्रवारपर्यंत वाटी दिसायला लागली. मी इतकी खूश झाले की जाताना केसांत गजरा माळला.

मॅडमनी टेप लावली. आकडा बघितला, आणि छोट्या डॉक्टरकडे बघितलं.

"उतरली. म्हणजे तुझ्याच व्यायामाची होती."

"हो मॅडम."

"सोमवारपासून ही केस तुझी नाही. आणि तुझ्या पाळीच्या शेऱ्यात हे मला लिहावं लागेल."

"हो मॅडम," ती परत म्हणाली. तिने कुणालाही दोष दिला नाही. तिला खरंच वाटत होतं की चूक तिची.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आधी चोळून त्या मुलीचं नुकसान केलं होतं. मग चोरून थांबवलं आणि ते नुकसान पक्कं केलं. मॅडम पुढच्या खाटेकडे वळल्या. हॉलमध्ये वीसेक माणसं असतील.

"मॅडम, मी चोळत होते."

त्या थांबल्या. "काय म्हणालात?"

"आये!" लेक म्हणाली.

"मी रोज चोळत होते. पहाटे. तेल तापवून. आणि पाय दुमडत होते. ह्यांनी नको म्हणून लिहून दिलं होतं. सोमवारी मॅडम तुम्ही बोललात, मंगळवारपासून मी बंद केलं. म्हणून उतरली. ह्यांचं काही नाही."

एवढं मी आयुष्यात अनोळखी माणसांसमोर कधी बोलले नव्हते. माझे कान तापले होते. मॅडम परत आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"तुम्ही काय काम करता?"

"बाळंतिणीची मालिश."

"किती वर्षं?"

"पंचवीस."

"दाखवा कसं चोळत होतात." त्यांनी छोट्या डॉक्टरकडे बोट केलं. "हिच्या पायावर. झोप गं."

ती खाटेवर आडवी झाली, पँट गुडघ्यावर केली. मी हात पुसले. तिच्या चांगल्या गुडघ्यावर अंगठे ठेवले आणि रोजच्यासारखं दाबलं.

"आई गं!" ती ओरडली. दोन-तीन विद्यार्थी हसले. माझी लेक म्हणाली, "अर्धाच जोर लावलाय हां हा."

"आता दुमडा," मॅडम म्हणाल्या. मी टाच धरून पाय दुमडला. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं.

"काकू, तुमच्या हातात ताकद आहे, आणि सवय पण आहे. पण हिच्या गुडघ्यात नवीन दोरी बसवलीय. हाडाला चिकटायला तिला महिने लागतात. तोपर्यंत अशी ओढ बसली तर ती सैल होऊन बसेल. मग खेळ विसरा." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग त्या खाटेवरच्या मुलीला म्हणाल्या, "चोळू नका म्हणून तू सांगितलंस. घरी काय काय करता, हे विचारलंस कधी?"

"नाही मॅडम."

"ह्यांचे हात बघितले नाहीस? अंगठे बघ." सगळ्यांनी माझे अंगठे बघितले. मी ते पदरात घेतले. "केस तुझ्याकडेच राहू दे."

मला वाटलं ती मुलगी आता काहीतरी बोलेल. तिने पँट खाली केली, फाइल उचलली आणि लेकीला पुढची तारीख दिली. माझ्याकडे बघितलं नाही. पुढचे दोन आठवडे ती लेकीशीच बोलायची. मी बाकावर बसायचे. तिची झोप मी घालवली होती, ती आठवडा-पंधरा दिवसांत परत कशी येणार? लेकही घरी धुमसत होती. "मला पण उघडं पाडलंस सगळ्यांत. नको बोललेले ना मी?" दोन दिवस तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही, स्वतः लंगडत जाऊन करून प्यायली. पावसाळ्यानंतरची ती निवड तिच्या हातून गेलीच. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, ह्या वर्षी मैदान नाही. ती ज्या दिवशी रडली त्या दिवशी मी तिच्या डोक्याला तेल लावलं. डोक्याला मनाई नव्हती.

मग एका सकाळी छोटी डॉक्टर बाकापाशी आली.

"काकू, एक काम कराल? पहाटे उठल्यावर हिच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. नुसता. मग दुसऱ्या गुडघ्यावर. जास्त गरम लागला तर मला सांगायचं, म्हणजे आदल्या दिवशी व्यायाम जास्त झाला असं मला कळेल. टेपला ते नंतर कळतं."

"दाबायचं नाही?"

"अजिबात नाही."

ते मला फार अवघड गेलं. हात ठेवला की अंगठे आपसूक हलायला लागायचे. पंचवीस वर्षांची खोड. मी तळवा पसरून दहापर्यंत मोजायचे आणि उठायचे. दोनदा गरम लागला. दोन्ही वेळा तिने त्या दिवसाचे व्यायाम कमी केले. एकदा मी म्हटलं, "मला नक्की नाही सांगता येत." ती म्हणाली, "मग तेच सांगा, नक्की नाही."

तिच्या पाळीचा शेवटचा दिवस आला. मॅडमसमोर तिला लेकीची सगळी हकीकत सांगायची होती. ती इंग्रजीत सांगत होती, भरभर, आणि हात हलवत होती. मॅडमनी टेप लावली, दोन्ही गुडघे सारखे. मग छोट्या डॉक्टरने माझ्याकडे बघितलं.

"काकू, आज?"

मी पुढे झाले. हॉलमध्ये तेवढीच माणसं होती. मी लेकीच्या गुडघ्यावर तळवा ठेवला, मग दुसऱ्यावर.

"गार आहे."

तिने फाइलीत काहीतरी लिहिलं. परत येताना मी लेकीला विचारलं, "काय गो लिहिलं तिने?"

"आईच्या मते गरम नाही, असं."

"मॅडमनी काय लिहिलं?"

"काही नाही. खाली सही केली."

ती थोडं चालली, आता वॉकरशिवाय, भिंतीला बोटं लावत. मग म्हणाली, "आये, तुझी सही राहिली."

"गप चाल. पाय सरळ टाक."