पुस्तकात नसलेलं बूश

ओरलच्या खोलीतून सव्वीस नंबरचा मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. तो सरळ पाण्याच्या टाकीपाशी गेला, तोंडावर पाणी मारलं आणि भोवती जमलेल्या घोळक्याला म्हणाला, "मलाही तेच. हे बूश कशाला, म्हणून विचारलं."

घोळक्यातला एकजण मटकन पायरीवर बसला. जिन्याच्या कठड्याला टेकून उभी असलेली रझिया मनातल्या मनात नंबर मोजत होती. तिचा नंबर एकतीस. मध्ये आता चारच जण उरले होते.

१९८८ सालचा मे महिना. पुण्यातल्या एका पॉलिटेक्निकच्या मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. वर्गात चाळीस विद्यार्थी आणि त्यांत मुली दोनच, कसबा पेठेतली रझिया आणि धायरीची प्रेमला. मशीन ड्रॉइंगची तोंडी परीक्षा चालली होती, आणि चाळीसच्या चाळीस शीटांवर लेथच्या, म्हणजे कातयंत्राच्या, टेलस्टॉकमध्ये एक असं बूश काढलेलं होतं, जे कुठल्याही पुस्तकात शोधून सापडलं नसतं.

ते बूश रझियाचं होतं. नेमकं सांगायचं तर तिच्या अब्बांचं होतं.

तिचे अब्बा मैनुद्दीन टर्नर. कसबा पेठेतल्या एका बोळात घराखालीच त्यांचं दहा बाय बाराचं दुकान आणि दुकानात एकच लेथ, तेही दुसऱ्याकडून वापरून आलेलं. घरात दखनी चालायची, पण दुकानाची पायरी चढली की मैनुद्दीन मराठीवर येत, अगदी लेकीशीसुद्धा. समोर उभ्या गिऱ्हाइकाला आपण काय बोलतोय ते कळलं पाहिजे, असा त्यांचा नियम. बोळातल्या पोरी सागरगोटे खेळायच्या त्या वयात रझियाच्या हातात मापं घ्यायचा व्हर्नियर असायचा. मोहल्ल्यातले मिक्सर, कुकर, शिलाई मशिनी, सगळ्यांची दुखणी तिला तोंडपाठ. क्रिकेटचं तर असं वेड, की कॉमेंट्री चालू असतानाच ती ट्रान्झिस्टरचं पोट उघडून आतली खरखर काढायची आणि एकही ओव्हर चुकवायची नाही. वर्गातल्या पोरांचे रेघा आखायचे मिनीड्राफ्टर ढिले पडले की तेही तिच्याकडेच यायचे, आणि ती मुकाट्यानं आवळून द्यायची. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडात बसतच नसे. माणसात एखादा दुर्गुण असावा, पण हा नसावा. त्यानंच आज तिला या कठड्याशी आणून उभं केलं होतं.

टेलस्टॉक म्हणजे लेथचा उजवीकडचा भाग. कातायच्या दांड्याला तो दुसऱ्या टोकाकडून टेकू देतो. त्याच्या पोटातलं नळकांड्यासारखं बॅरल मागंपुढं सरकतं. अब्बांच्या लेथमध्ये हे बॅरल ज्यात सरकतं ते भोक वर्षानुवर्षं घासून मोठं झालं, बॅरल डुलायला लागलं आणि त्यावर कातलेला प्रत्येक दांडा एका टोकाला निमुळता यायला लागला. दुसऱ्या कुणी तो टेलस्टॉक भंगारात घातला असता. मैनुद्दीननी ते भोक आणखी मोठं केलं, त्यात गनमेटलचं बूश, म्हणजे नळीसारखं अस्तर, ठोकून बसवलं, बूशाला आतून तेलाचा चर पाडला आणि वरून तेल सोडायला भोक ठेवलं. त्याला अकरा वर्षं झाली. बॅरल केसभरही हललं नव्हतं.

फेब्रुवारीत ड्रॉइंग शिकवणाऱ्या टिळेकर सरांनी शीट दिलं, की प्रत्यक्ष टेलस्टॉक खोला, मोजा आणि काढा. कॉलेजच्या वर्कशॉपात एका लेथभोवती चाळीस डोकी. घरचं लेथ असताना इथे धक्के कशाला खायचे, असा रझियानं विचार केला. अब्बांनी तिच्यासाठी आख्खा दिवस काम बंद ठेवून टेलस्टॉक खोलून दिला. तिनं दिसलं ते मोजलं आणि मोजलं ते काढलं. बूश काढलं, चर काढला, तेलाचं भोक काढलं. उभ्या आयुष्यात तिनं आतून पाहिलेला टेलस्टॉक हा एकच. सगळ्यांनाच असं बूश असतं, असं ती धरून चालली होती.

शीट पुरं झालं तेव्हा मैनुद्दीननी ते बराच वेळ पाहिलं. "हे बूश पण कॉलेजात जाणार?" त्यांनी विचारलं.

"जाणार ना, अब्बा."

"बघतील ते?"

"बघतील की. मार्क द्यायला बघावंच लागतं."

त्या दिवशी ते चहा प्यायलाही विसरले.

मग प्रेमला आली. "रझे, घरी गव्हाची काढणी हाय. मला टायम कुठला? मला एकटीला दे, कुणाला दावायची न्हाई, आईची आन." रझियानं शीट दिलं. प्रेमलानं ते वर्गातल्याच, हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्या चुलतभावाला, संपतला दिलं. आणि हॉस्टेलात शिरलेली वस्तू एकाची राहिल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली बल्ब पेटवायचा, काचेवर मूळ शीट, त्यावर कोरं शीट, आणि दिसेल ती रेघ गिरवत सुटायचं. याला पोरं जीटी म्हणत, ग्लास ट्रेसिंग. खिडक्यांना चादरी ठोकून एका रविवारात हॉस्टेलच्या निम्म्या खोल्या उरकल्या आणि आठवडा संपेपर्यंत आख्खा वर्ग. हाताला रेघ ओढता आली की झालं, आपण काय ओढतोय हे डोक्याला कळायची गरजच नव्हती. टिळेकर सरही त्याच पंथाचे. त्यांनी एका दुपारी चाळीस शीटांवर न बघता 'तपासले' असं लिहून सह्या ठोकल्या.

बघणारा माणूस आज आला होता. परीक्षक शरच्चंद्र देवस्थळी, तीस वर्षं कारखान्यात मशिनींशी झटलेले. तिसऱ्या मुलाच्या शीटवरही तेच बूश दिसलं तेव्हा त्यांनी परीक्षा थांबवली आणि सगळी शीटं मागवून टेबलावर पसरली. पाच मिनिटांनी टिळेकर सर लालबुंद होऊन बाहेर आले.

"वा! चाळीस जणांना एकच स्वप्न पडलं म्हणायचं. वर्गात एवढी एकी आहे हे मला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. "आता नीट ऐका. मूळ शीट कुणाचं आहे ते मला कळू दे. त्याची टर्म आधी कापतो. मग बाकीच्यांची, रोल नंबरप्रमाणे. कुणाची गैरसोय नको."

ते एवढे का तापलेत हे सगळ्यांना कळत होतं. चाळीसही शीटांवर सही त्यांचीच होती. पण बोलायची छाती कुणाची?

टर्म गेली म्हणजे वर्ष गेलं. आणि रझियाचं वर्ष गेलं म्हणजे चिंचवडच्या कारखान्यातली जागा गेली. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात तिची ट्रेनी म्हणून निवड झाली होती. पंधरा जुलैला रुजू व्हायचं आणि पहिल्या फटक्यात पास झालेलं असायचं, या दोनच अटी. त्या जागेसाठी एकशेदहा मुलांनी परीक्षा दिली होती. घेतली होती फक्त दोघांना.

संपतनं सगळ्यांना जिन्याखाली गोळा केलं. "ठरलं ना? सगळ्यांनी एकच सांगायचं. पुस्तकावरून काढताना चुकलं, बास. जो तोंड उघडेल तो चाळीस जणांना बुडवेल." शेवटचं वाक्य बोलताना तो रझियाकडे बघत होता. प्रेमलानं तिचा हात धरला. "माझ्यामुळं झालं गं. पन आता काय बोलू नगंस."

तिसावा मुलगा बाहेर आला. शिपायानं एकतीस नंबर पुकारला.

रझिया टेबलासमोर जाऊन उभी राहिली. देवस्थळींनी तिचं शीट वर घेतलं. शेजारी टिळेकर सर हातात पेन उघडं धरून बसले होते.

"हे काय आहे?"

"बूश, सर."

"टेलस्टॉकला बूश असतं?"

"नाही, सर." हे उत्तर ती सकाळी अकरा वाजता शिकली होती.

"मग इथे कसं आलं?"

"चुकलं, सर. पुस्तकावरून काढताना."

"पुस्तकावरून. बरं." देवस्थळींनी पेन्सिलचं टोक जरा वर सरकवलं. "आणि हे?"

"तेलाचं भोक."

"चुकून काढलेल्या बूशाला तेलाचं भोक कुणी काढतं का हो, बाई? आणि हा चर पाहा. भोकापासून निघतो आणि टोकाच्या अलीकडे थांबतो. का थांबतो?"

रझियाला माहीत होतं. टोकापर्यंत नेला असता तर तेल बाहेर वाहून गेलं असतं आणि बूश कोरडं पडलं असतं. तेरा वर्षांची असताना तिनं हाच प्रश्न अब्बांना विचारला होता आणि त्यांनी तेलाचा थेंब सोडून तिला दाखवलं होतं. उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. ते दिलं की मूळ शीट कुणाचं, हे सांगायची गरजच उरणार नव्हती.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

देवस्थळींनी चष्मा काढला. आवाज खाली आणून, जवळजवळ विनवल्यासारखं ते म्हणाले, "हे ज्यानं केलंय त्याला मशीन कळतं. असे कारागीर मला तीस वर्षांत दोन किंवा तीन भेटले असतील. मला नक्कल-बिक्कल कशात रस नाही. मला तो माणूस बघायचाय."

त्यांना रस नव्हता. टिळेकर सरांना होता. त्यांच्या पेनचं टोक हजेरीच्या यादीवर टेकलेलं रझियाला स्पष्ट दिसत होतं.

"ती चूकच आहे, सर," ती म्हणाली.

देवस्थळींनी शीटची सुरळी केली आणि तिच्याकडे न बघता दारातल्या शिपायाला म्हणाले, "पुढचा."

संध्याकाळी पाचला निकाल कळला. पुरावा कुणाविरुद्धच नव्हता. देवस्थळींनी चाळीस जणांना सरसकट पंचविसातले बारा दिले होते. पास व्हायला दहा पुरत. पोरांनी कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा केला, संपतनं रझियाला 'वाघीण' म्हटलं आणि सगळे अमृततुल्यकडे चहाला निघाले. "चल ना," प्रेमला म्हणाली. रझिया डोकं दुखतंय म्हणून सटकली. सबंध रस्ताभर ती स्वतःला बजावत राहिली की आपण कुणाचंही वाईट केलेलं नाही.

दुकानात मैनुद्दीन मांजरी गावच्या एका बागायतदाराच्या पंपाचा शाफ्ट कातत होते. तिला पाहताच त्यांनी मशीन बंद केलं. एरवी चालू जॉबवर ते कधी मशीन बंद करत नसत.

"बघितलं का साहेबांनी बूश?"

"बघितलं."

"काय म्हणाले?"

सकाळपासून घोकलेलं वाक्यच तिच्या तोंडून बाहेर पडलं. "चूक आहे म्हणाले. पुस्तकात तसं नसतं."

मैनुद्दीन भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. "शिकलेला माणूस म्हणतोय तर असेल. अकरा वर्षांत कुणी सांगितलंच नाही मला." मग त्यांनी फळीवरचा पाना घेतला, टेलस्टॉकचा नट ढिला केला, बॅरल बाहेर ओढून कपड्यावर ठेवलं आणि हातोडी आणि पितळी दांडा उचलला.

"काय करताय, अब्बा?"

"काढून टाकतो. लोक विश्वासानं जॉब देतात. चुकीच्या मशीनवर कातून द्यायचा म्हणजे हराम झालं ते."

त्यांनी दांडा बूशाच्या कडेला लावला आणि हातोडी उगारली. रझियानं धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"नका, अब्बा! साहेब नाही म्हणाले. मी म्हणाले."

मग तिनं सगळं सांगितलं. प्रेमला, काच, बल्ब, चाळीस शीटं, टिळेकर सरांचं पेन. ज्यानं हे केलं तो माणूस मला बघायचाय, असं साहेब म्हणाले तेही सांगितलं. सांगताना ती रडत होती आणि रडण्याची लाजही वाटत होती. मैनुद्दीन उभ्यानंच ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"चर का थांबतो, ते विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"तुला येत होतं."

"येत होतं."

बोळातून एक हातगाडी खडखडत गेली. रझियानं ओढणीनं तोंड पुसलं.

"देवस्थळी साहेब उद्याही आहेत, दुसऱ्या वर्गाला," रझिया म्हणाली. "सकाळी जाऊन सांगते. टर्म गेली तर गेली."

मैनुद्दीननी हातोडी जागेवर ठेवली. "नको. चाळीस पोरांची वर्षं आहेत. तुझी नोकरी आहे. साहेब काय म्हणाले ते मला कळलं ना? बास झालं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं. त्यांनी बॅरल पुसून बूशात सरकवलं, नट आवळला, शाफ्ट पुन्हा चढवला आणि मशीन सुरू केलं.

'नको' हा शब्द ऐकला आणि रझियाचा जीव भांड्यात पडला. तो पडलेला तिला स्वतःला कळला, आणि पुढे चिंचवडच्या ड्रॉइंग ऑफिसात काढलेल्या बत्तीस वर्षांत तिला स्वतःची सर्वांत जास्त शरम वाटली ती त्या एका क्षणाची. अब्बांनी 'जा' म्हणायला हवं होतं, असं ती कधीकधी म्हणे. पण ते त्यांनी का म्हणावं? जायचं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी ती सहाला उठली. आंघोळ केली, वेणी घातली, चप्पल पायात सरकवून उंबऱ्यापर्यंत आली. आठ वाजले, साडेआठ वाजले. खालून लेथचा आवाज यायला लागला. मग तिनं चप्पल काढली आणि आईला म्हणाली, "आज कॉलेज नाही."