मेलेल्या रोपांचा फोटो

कोल्हारच्या आमच्या रोपवाटिकेसाठी मी ब्लॉग लिहिते. रोपं कशी वाढवायची, पाणी किती द्यायचं, सगळं त्यात असतं. पण तो वाचायच्या फक्त माझी जाऊ आणि नणंद. म्हणून मी फेसबुकवर पेज काढलं आणि रोपांनी भरलेल्या हिरव्यागार ट्रेंचे फोटो टाकले. लोकांनी कमेंटमध्ये हात जोडले, फुलं पाठवली. ब्लॉग मात्र कुणी उघडला नाही.

मग पाणी जास्त होऊन टोमॅटोची रोपं मेली, मिरचीचीही कुजली. टोमॅटोच्या ट्रेचा फोटो मी तसाच पेजवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ही का मेली, ते ब्लॉगवर वाचा.'

दीर तडक आले. "वहिनी, मेलेली रोपं दावून गिऱ्हाईक येतं व्हय? लोकांना मयताला बोलावताय का? काढा तो फोटू."

"नाही काढणार. रोपं काय फक्त आपलीच मरतात?"

संध्याकाळी कर्जतच्या एका शेतकऱ्यानं ब्लॉगखाली विचारलं, 'आमचीही अशीच गेली. मिरचीला पाणी किती द्यायचं?' त्याच्यामागून आणखी प्रश्न आले. गावातल्या एका गिऱ्हाइकानं मात्र ऑर्डर रद्द केली.

"बघा!" दीर म्हणाले.

मी बघितलं, आणि मिरचीच्या कुजलेल्या रोपांचा ट्रे फोटोसाठी उजेडात आणला.