एका गाळ्याची चावी

वडील एपीएमसी मार्केटात माथाडी होते. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. कांदा-बटाट्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याचे पाच गाळे होते. एक गाळा उघडायला म्हणून त्यानं वडिलांच्या हातात पाचही चाव्यांचा जुडगा दिला. एक चावी सोडवून द्यायचा कंटाळा. वडिलांनीही तो मोठ्या मानानं कमरेला अडकवला. संध्याकाळी दुसऱ्याच गाळ्यात लसणाच्या गोणी कमी निघाल्या. चाव्या कुणाकडे होत्या? झालं. टोळीतून त्यांचं नाव काढलं, काम बंद. गोणी चुकून भलत्याच ट्रकमध्ये चढल्या होत्या, हे कळायला दोन महिने गेले. तेवढे दिवस आई मार्केटात कांदा निवडायला जायची. हाताचा वास जाईना, म्हणून माझ्या डोक्याला तेलही लावायची नाही. परत कामावर गेल्यापासून वडील एकच चावी घेत आणि काम झालं की हात धुवायच्या आधी ती देऊन टाकत.

मी शिकले. घरातली पहिली पदवीधर मीच, आणि हे मी चारचौघांत मोठ्यानं सांगते. महापेच्या एका कंपनीत लागले. कंपनीचे डेटाबेस क्लाउडवर. कुणाला कुठवर आणि किती वेळ शिरू द्यायचं, ते बघणं माझं काम. नोकरी अजून पक्की नव्हती. ती पक्की होणं एका सीनियरच्या शब्दावर होतं, आणि नेमके तेच एकदा म्हणाले, "अगं, फुल अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस देऊन टाक ना. दर वेळी तुझ्यापुढे काय हात पसरायचे?"

"सर, काम काय आहे?"

"टेस्ट डेटाबेसमधली जुनी टेबलं उडवायचीत."

"मग त्या एकाच डेटाबेसचा देते. दोन तास. नंतर आपोआप बंद होईल."

"आली मोठी वॉचमन!"

सगळी रांग हसली. मी अ‍ॅक्सेस दिला तो तेवढाच.

तासाभरानं ते माझ्या टेबलाशी आले. आवाज एकदम खाली. त्यांच्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या आणि घाईत पुसायची कमांड त्यांनी ग्राहकांच्या खऱ्या डेटाबेसवर चालवली होती. तिथं त्यांना फक्त बघायची मुभा. समोर एक ओळ आली: परवानगी नाही.

"फुल दिला असतास तर आज माझी नोकरी गेली असती," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल आजच साहेबांना लिहितो."

घरी सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "चावी परत आली का?"

"दोन तासांनी आपसूक येते, आबा."

"आपसूक? असलं कुलूप आमच्या मार्केटात का नव्हतं गं?"

"असतं तर कमरेला काय मिरवलं असतं तुम्ही?" आई आतून म्हणाली.

मी पक्की झाले. आज आमच्या कंपनीत कायमचा अ‍ॅडमिन कुणीच नाही. मलाही लागला तर काम सांगून, वेळ सांगून, दुसऱ्याकडे मागावा लागतो.