दोघींचा एक नंबर

जळगावच्या एका नेत्र रुग्णालयात मी कॉम्प्युटरवर कामाला लागले, तेव्हा आमच्या गावी असोद्याला कुणी विचारलं तर माझे वडील हातानं टीव्हीएवढा चौकोन काढून दाखवायचे आणि पुढे काय सांगावं ते न सुचून केळीच्या भावाकडे वळायचे. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ट्रस्टची दोन रुग्णालयं होती. गावोगाव फिरून डोळे तपासायचं काम जळगावची माणसं करायची, मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची धुळ्याला. दोन्हीकडे एकेक मशीन होतं आणि दोन्हींत पेशंटचं एकेक भलंमोठं टेबल. एक माणूस म्हणजे टेबलातली एक ओळ. नंबर, नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, उजवा डोळा, डावा डोळा.

वर्षातून एकदा साक्रीला मोठं शिबिर असायचं. तिथं शाळेच्या वर्गात एक साधा पीसी मांडून बसायचं काम माझं. पण सगळं टेबल साक्रीला नेणं शक्य नव्हतं. पहिल्या वर्षी मी तो प्रयत्न केला होता. फ्लॉप्यांची चळत भरली, सगळा दिवस गेला, आणि शेवटच्या काही फ्लॉप्यांतली एक खराब निघाली तशी बाकीच्याही कुचकामी ठरल्या. तेव्हापासून मी निवडून न्यायला शिकले. तालुका साक्री, एक डोळा झालेला, दुसरा बाकी, आणि माणूस जिवंत. एवढी अट घातली की लाखातल्या थोड्याच ओळी उरायच्या. त्यातलेही लागतील तेवढेच रकाने घ्यायचे, गावांप्रमाणे तुकडे पाडायचे आणि एका फ्लॉपीत एक पुरा तुकडा बसवायचा, म्हणजे एखादी बिघडली तरी तेवढीच गावं अडतात. धुळ्याचा वेगळा भाग, जळगावचा वेगळा. धुळीपासून जपायला फ्लॉप्या मी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले की शेजारची बाई हमखास विचारायची, काय भाजी आणलीस.

साक्रीला पोचल्यावर पीसीवरच्या रिकाम्या टेबलाचे इंडेक्स, म्हणजे ओळी चटकन सापडाव्यात म्हणून मशीन ठेवतं त्या याद्या, नंबराची सोडून आधी काढून टाकायचे, ओळी भराभर ओतायच्या, आणि शेवटी इंडेक्स पुन्हा बांधायचे. असं केलं की तासांचं काम मिनिटांवर येतं. थोड्या थोड्या ओळी टाकून पक्क्या करत जायचं, कारण वीज कधी जाईल याचा नेम नसे. एकच नंबर दोनदा आला तर दुसरी ओळ मशीन घेत नसे, बाजूच्या फाइलीत टाकून देई. एका जागेवर एकच माणूस.

हे करताना मला कधीकधी उगाच कसंतरी व्हायचं. अट लिहून बटण दाबलं की गावंच्या गावं मागे राहायची आणि मोजकी माणसं उठून माझ्या डब्यात येऊन बसायची. ती माणसं मी पाहिलेली नसत. एक सोडून.

ती साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावची शेतकरी बाई. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. आदल्या शिबिरातून तिला धुळ्याला आणलं होतं आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सोडायच्या दिवशी मी काही कामासाठी धुळ्याच्या त्या वॉर्डात होते. नर्सला हात कमी पडत होते म्हणून मी त्या बाईचं डोकं धरून बसले. पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा डोळ्यांवर बसला, आणि तिला पहिलं दिसलं ते माझं तोंड. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या हनुवटीला हात लावून हळूच म्हणाली, "नाक टोची ले माय. मोकळं नाक बरं दखास नही."

आमच्या असोद्याची बोली वेगळी, पण अहिराणी मला चांगली कळायची. मी हसले. लहानपणी टोचलेलं नाक बुजून गेलं होतं आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नसे. एवढंच आमचं बोलणं. मी ते कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या गावाहून आरोग्यसेविकेचा निरोप आला की बाई तापानं वारली. धुळ्याच्या मशीनवर तिच्या ओळीपुढे 'मयत' असं मीच भरलं. डावा डोळा राहिला, एवढं मनात आलं.

पुढचं शिबिर दिवाळीच्या सुट्टीत होतं. धुळ्याचा भाग काढताना मी ओळी पडद्यावर सरकवून पाहिल्या. ती नव्हती. नसायलाच हवी होती. साक्रीला दोन्हीकडच्या ओळी ओतून झाल्या, इंडेक्स बांधले, गावांप्रमाणे नावं पडद्यावर घेतली, आणि तिच्या गावात तिचं नाव आलं. तोच नंबर, नवऱ्याचं तेच नाव. उजवा झालेला, डावा बाकी.

मला आधी वाटलं की अट लिहिताना माझं काहीतरी चुकलं. धुळ्याच्या फ्लॉप्या पुन्हा तपासल्या. त्यांत ती कुठेच नव्हती. ओळ आली होती जळगावच्या भागातून, आणि तिच्यापुढे तपासणीची तारीख पावसाळा सरतानाची होती. म्हणजे ती वारल्यानंतर आमच्या जळगावच्या तपासणीवाल्यांनी तिला तिच्या गावात पाहिलं होतं. आणि मी धुळ्याची ओळ बाहेर ठेवली नसती, तर आधी तीच आत गेली असती आणि जळगावची ही दुसरी मशीननं परत फेकली असती. मेलेलीला मी बाजूला काढलं म्हणून जागा मोकळी झाली, आणि त्या जागेवर ही येऊन बसली.

बाहेर व्हरांड्यात माणसं दाटीवाटीनं बसली होती. नावं पुकारायचं काम त्या दिवशी माझ्याकडेच होतं. तिच्या नावापाशी आल्यावर मी थांबले. मग पुकारलं, नवऱ्याच्या नावासकट.

एक बाई उठली.

ती वेगळी होती. पहिलीपेक्षा जरा तरुण, उंच, अंगानं आडवी. भिंतीला हात लावत लावत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. हातात आमचंच जुनं कार्ड होतं, कडा झिजलेलं. गळ्यात काळ्या पोतीबरोबर चांदीचा एक लहान टाक होता, त्यावर बाईची आकृती उठवलेली. मी नाव विचारलं. तिनं तेच सांगितलं.

तपासणीची खोली म्हणजे खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला वर्ग. बाहेर भर दुपार होती आणि आत समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं. डॉक्टर मुंबईकडचे होते, त्यांना अहिराणी कळत नसे, म्हणून मी तिच्या मागे उभी राहिले. त्यांनी बॅटरी मारली आणि मला विचारलं की उजव्याचं ऑपरेशन झालंय असं कुणी सांगितलं. तो डोळा कुणी उघडलेलाच नव्हता. मोतीबिंदू पिकून बुबुळ ज्वारीच्या दाण्यासारखं पांढरं झालं होतं. उजेड आहे की अंधार, यापलीकडे त्या डोळ्याला काही कळणार नाही, असं ते म्हणाले.

मी तिला तसं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मना उजवा डोया व्हयेल शे. माले दखास."

दिसतं म्हणते, असं मी सांगितल्यावर डॉक्टरांनी तिचा डावा डोळा तळव्यानं झाकला आणि बोटं किती ते विचारायला लावलं. मग तिनं मान वळवली, डॉक्टरांचा तळवा तसाच डाव्या डोळ्यावर, आणि तो पांढरा डोळा माझ्याकडे आला. मी अंधारात होते. टेबलावर ठेवलेल्या बॅटरीचा उजेड फक्त डॉक्टरांच्या बोटांवर होता.

"आजून नाक टोचं नही का माय?" ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, ती बोटं मोजतेय. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतेय. मी म्हणाले, काही नाही. कार्ड तिच्या हातात परत देऊन मी बाहेर पडले. उन्हानं डोळे दिपले, तेही बरं वाटलं.

तिचा नवरा मैदानातल्या निंबाखाली पिशवी घेऊन बसला होता. साठीचा, सुकलेला, डोक्यावर टोपी. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, नाना, ही कोण. तो काही लपवून ठेवत नव्हता. त्याला वाटत होतं की आम्हांला ठाऊकच आहे. पहिली गेली, घर चालेना, भाऊबंदांनी शेजारच्या गावातल्या या विधवेशी त्याचा पाट लावून दिला. दुसरीला पहिलीचंच नाव द्यायचं आणि गळ्यात तिचा टाक घालायचा, म्हणजे गेलेली तिला परकी मानत नाही, त्रास देत नाही. जळगावची माणसं तपासायला आली तेव्हा त्यानं नावाचं कार्ड पुढे केलं आणि त्यांनी त्यावरचंच उतरवून घेतलं. कार्ड याच नावाचं होतं ना, असं तो मला उलट विचारू लागला.

एवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. ओळ कुठून आली ते कळलं होतं. मग मी नाकाचं विचारलं. पहिलीनं धुळ्याहून आल्यावर माझ्याबद्दल काही सांगितलं होतं का? म्हणाला, दवाखान्यातलं ती काहीच बोलली नाही. बोललीही असेल, पण त्याच्या ध्यानात नाही. आणि बोलली असली तरी दुसरीला तो ते कशाला सांगेल. मग खाली बघत त्यानं एवढं सांगितलं की घरातल्या वस्तू कुठे ठेवल्यात ते हिला पहिल्या दिवसापासून विचारावं लागलं नाही.

नवा नंबर देणं भाग होतं. दोन बायका एका ओळीत राहू शकत नाहीत, आणि खरंच कुठला डोळा झाला ते कागदावर चुकीचं जाऊन चालणार नव्हतं. मी परत आत गेले, तिला पीसीजवळ बसवून समजावलं. ती कार्ड छातीशी धरून बसली. नवा नंबर नको म्हणाली. मी कारण विचारलं तेव्हा टाकावर बोट ठेवून म्हणाली, "तिले राग येई."

शेवटी मी मशीनमध्ये तिला नवा नंबर दिला, दोन्ही डोळे बाकी असं भरलं, आणि जुनं कार्ड तिच्यापाशीच राहू दिलं. डावा डोळा आधी करायचा असं डॉक्टरांनी ठरवलं.

धुळ्याला तिची पट्टी सुटली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. न जाण्याचं धाडस नव्हतं, असंच म्हणायला हवं. नर्सनं चष्मा चढवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, खाटेच्या दांड्यावरून बोटं फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते.

"तू कोन शे व माय?" तिनं विचारलं.

नावं लिहिणारी, असं मी सांगितलं. तिनं अनोळखी माणसासमोर हलवतात तशी मान हलवली. आवाजही मला वेगळा वाटला, मोकळा, जरा जाडसर. मला हायसं वाटलं. तेवढ्यात तिचा हात गळ्याशी गेला. टाक उलटा झाला होता. तिनं तो सरळ केला, त्यावरच्या बाईचं तोंड बाहेरच्या बाजूला आणलं आणि तसाच बोटांत धरून ठेवला, कडेवरच्या मुलाला काही दाखवावं तसा.

त्यानंतरच्या वर्षी तिचा उजवा डोळा बाकी होता. एक झालेला, एक बाकी, माणूस जिवंत. माझ्या अटीत ती बरोबर बसली आणि साक्रीला आली. मी नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तिच्या गावची माणसं रांगेत होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

दुपारी तिचा नवरा आला, एकटाच. बाई मजेत आहे, शेतात कापूस वेचतेय म्हणाला. उजवा डोळा तिला करायचा नाही, त्या डोळ्यानं दिसतं म्हणते. हिनं जन्मात न पाहिलेले पहिलीकडचे पाहुणे आले तर दारातूनच ओळखते, डाव्यावर हात ठेवून. डाव्यानं बघितलं तर ओळखत नाही. त्याला त्याचं आता काही वाटत नव्हतं. तो आला होता ते दुसऱ्याच कामासाठी.

"ताई, नाव पुकारू नका," तो म्हणाला.

मी म्हटलं, नाना, पुकारलं नाही तर पेशंटला कळणार कसं.

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घरात त्यानंही त्या नावानं हाक मारणं सोडलं होतं, असं सांगितलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, "दोन्हीजनी उठतस."

मी त्याला चहा दिला. तो प्यायला, बशी पालथी ठेवली आणि साक्रीच्या बसस्टँडकडे चालत गेला.

पुढच्या शिबिराआधी धुळ्याच्या मशीनवर बसून मी अट लिहिली. तालुका साक्री, एक डोळा झालेला, दुसरा बाकी, माणूस जिवंत. आणि त्याखाली आणखी एक ओळ जोडली: हे दोन नंबर सोडून. एक तिचा, एक हिचा. जळगावच्या मशीनवरही तेच केलं. बटण दाबलं, ओळी फ्लॉपीत उतरल्या, त्या दोघी मागे राहिल्या. हे मी कुणाला विचारून केलं नाही.

दशक सरत असताना मी ती नोकरी सोडली. माझ्या जागी आलेल्या माणसाला सगळं समजावून देत होते. तुकडे कसे पाडायचे, इंडेक्स कधी काढायचे, कधी बांधायचे. अटीच्या शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. हे दोन नंबर का वगळलेत, म्हणून त्यानं विचारलं. त्या माणसांना उपचार नकोत असं मी सांगितलं. मग त्या दोघांच्या ओळी टेबलातूनच काढून टाकू का, म्हणजे दर वेळी ही अट लागणार नाही, असं तो म्हणाला. तो हुशार होता, त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

मी म्हटलं, राहू दे.