बिब्ब्याचा डाग

“तोंड नको बगू, कल्ला बग!”

पाटी ओट्यावर टेकायच्या आतच ती हे म्हणायची. एक हात डोक्यावरच्या पाटीला, दुसऱ्या हाताचं बोट पापलेटच्या कल्ल्यात. आतला ताज्या मासळीचा लाल रंग दाखवल्यावरच भावाची गोष्ट. तुमच्याही दारात अशी कोणी मासळीवाली येत असेल. पण माशाच्या तोंडावर भाळणाऱ्या गिऱ्हाइकाला पाटीसमोरून उठवणारी, ती आमचीच.

वाणगावजवळच्या चिकूच्या वाडीत मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा तीही नुकतीच दारोदार फिरू लागली होती. माझा तेव्हाचा थाट काय सांगू! विहिरीवर जातानाही छत्री. पिशवीत हातआरसा, नाक काळवंडलं का ते घटकेघटकेला बघायला. गोरेपणाचं क्रीम इतकं थापायची की घाम आला की गळ्यापर्यंत पांढरे ओघळ. त्या वेळचे फोटो बघून नातवंडं विचारतात, “आजी, आजारी होतीस का?” तिने तर तेव्हाच सांगितलं होतं, “वयनी, मीठ लावलेल्या बोंबलासारी दिसतेस गो.” मी रुसले. पुढच्या खेपेला पाटीत कोलंबी दिसली आणि रुसवा गेला.

गेल्या नवरात्रानंतर ती अशीच ओट्यावर पाय पसरून पाणी पीत बसली होती. डाव्या पायाच्या तळव्यावर, करंगळीच्या खाली, काळा डाग.

“हे काय गं?”

“बिब्बा. शिंगाळ्याचा काटा घुसलेला.”

आमच्याकडे ही रीतच. माशाचा काटा रुतला की बिब्बा तापवायचा आणि त्याचं तेल त्या जागी लावायचं. काळा डाग राहतो. ती कातडी सुटली की जातो.

“कधी लावलास?”

“होळीच्या आदी.”

होळीचा बिब्बा नवरात्रापर्यंत टिकत नाही, आणि टिकला तरी वाढत नाही. हा वाढला होता. एका बाजूला गडद काळा, दुसरीकडे तपकिरी, कडा सांडलेल्या शाईसारख्या वेड्यावाकड्या. मध्येच ओलसर.

बोईसरच्या डॉक्टरांना तिने “काटा गेलाय” एवढंच सांगितलं होतं, पाऊल धड वर उचललंही नव्हतं. त्यांनी मलम दिलं. मी तिला पालघरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोटांच्या बेचक्या, नखं, जांघ. मग हात धुऊन समोर बसल्या.

“त्वचेचा कॅन्सर असू शकतो. तळव्यावरही होतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.”

ती चपला शोधू लागली. “सुरी लागली का पसरतं. आमच्या गावात समद्यांना ठावं हाय.”

“सुरीने नाही पसरत, मावशी. उशीर केला की पसरतो. लोक उशिरा येतात आणि नाव सुरीचं होतं.”

तिने चपला घातल्याच.

मनोरच्या बाजूला कोणी लेप देतो, लेपाने रोग जळून गळून पडतो, असं तिच्या आळीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सोमवारची रिक्षाही ठरली. मी समजावलं, रागावले, थोडं रडूनही पाहिलं. ते नाटक तिने लगेच ओळखलं. शनिवारी ती पापलेट घेऊन आली. लंगडत.

“कल्ला बग, वयनी.”

“नको. तोंड छान आहे. दे.”

“अगो, बग तरी!”

“कशाला? उघडला तर मासा नासेल.”

“उगडून कदी नासतं काय? असेल तसं दिसतं नुसतं...”

तिचं बोट कल्ल्यातच राहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मीही नजर हलवली नाही. हलवली असती तर या वेळी खरंच रडले असते.

“म्हातारे,” ती म्हणाली, “लय वाईट हायेस तू.”

सोमवारी रिक्षा पालघरला वळली.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत ती मासळी विकत फिरत होती आणि मी भाजीत मीठ विसरत होते. कॅन्सरच निघाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पाऊल काढून समजावलं. डागाभोवतीची चांगली दिसणारी कातडीही काढायची, बहुतेक करंगळीसुद्धा. जांघेत सगळ्यांनाच असते ती गाठ तपासायची, रोग तिथवर पोचलाय का ते कळायला. मग पुढचं औषध ठरेल. हे ऑपरेशन इथे नको, मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात करा. रेशनकार्ड बरोबर न्या, तिथे वाट दाखवणारी माणसं असतात.

तिने एकच विचारलं. “पाटी उचलता येल?”

“आधी जीव, मावशी. मग पाटी.”

ती मुंबईला होती तेव्हा मी अंघोळीनंतर जुना हातआरसा तळव्याखाली धरू लागले. ज्यात कधी नाकाखेरीज काही पाहिलं नाही, त्यात या वयात पहिल्यांदा माझे तळवे दिसले. भेगाळ, कळकट, अगदी कुरूप! मला छत्रीवालीला पत्ताच नव्हता.

करंगळी गेली. गाठीत काही सापडलं नाही. तरी अधूनमधून तपासणीला बोलावतात आणि ती तारीख जवळ आली की माझ्याच भाजीतलं मीठ पुन्हा राहतं. मासळी आता तिची सून आणते. पोरगी गुणी आहे, पण आधी माशाचं तोंड दाखवते.

त्यानंतर ती एकदाच आली. रिक्षातून, काठी टेकत, पाटीविना रिकाम्या डोक्याने. ओट्यावर बसून पाणी प्यायली. सुनेला टोमणे मारले, मला जास्त मारले. मग निघाली. पायरी उतरताना तिचा तोल गेला, मी धावले. पण तिचा हात ना काठीकडे गेला ना माझ्याकडे. तो वर गेला, डोक्यावरची पाटी सावरायला.