गमीसाठी लाटणेमोर्चा

चहा आधी संपवून घ्या. मागच्या वेळी ही माझी फजिती सांगितली तेव्हा एकीच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफा माझ्या लेकाचा आहे!

मी चौथी शिकलेली बाई. लेकाकडे अमेरिकेत, प्लेनोला आले ती दोन ठणकणारे गुडघे घेऊन. घर हे एवढं मोठं, पण झोपायच्या खोल्या वर. जिना चढायचा म्हणजे प्रत्येक पायरीला एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. रात्री झोप नाही, सकाळी पाय नाही.

तेव्हा रजनी म्हणाली, "चल, तुला औषध दाखवतो." रजनी नागपूरची, तीही लेकीकडे आलेली. तिने मला एका दुकानात नेलं. तिथे ट्रेसी नावाची निळ्या केसांची बाई. तिने हेम्पची गमी दाखवली, म्हणजे जेलीसारखी चघळायची गोळी. आता हेम्प म्हणजे काय? भांगेच्याच कुळातलं झाड. पण इथे दुकानात उघड विकतात, एकवीस वर्षांच्या पुढच्यांना. तिने मला वय विचारलं! मला! डोक्यावर हा कापूस पिकलाय, तरी पासपोर्ट बघितल्याशिवाय बाई गमी देईना.

घरी आले, गम्या स्टीलच्या डबीत ओतल्या आणि बाटली टाकून दिली. विकतची वस्तू घरात आली की ती आपल्या डबीत गेली पाहिजे, हा माझा नियम. तुमचाही तोच असणार, उगाच नाही म्हणू नका.

सायलीला, म्हणजे माझ्या सुनेला, कळलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई! आमचं ग्रीन कार्ड अडकलंय, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर! स्टेटमध्ये चालतं ते एअरपोर्टवर चालेलच असं नाही. आणि आत नक्की काय घातलंय, लॅब रिपोर्ट बघितलात?"

"गुडघा माझा, रिपोर्ट कशाला?"

"आणि मीराने चॉकलेट समजून खाल्ली तर?"

"म्हणून तर सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीय. नातीचं सोड, तुझाही हात पुरत नाही तिथे."

हात पुरत नव्हताच. पण घरात स्टूल आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिले दोन दिवस गमी खाऊन मी नुसती जड होऊन पडले. मग मात्र काय जादू झाली म्हणता! गुडघा लोण्यासारखा. जिना मी धावत चढायला लागले. जमिनीवर मांडी घालून भाजी निवडली. झोप तर अशी, की लेक दोनदा श्वास बघून गेला. हां, गमीचा आकार जरा बदलला होता. आधी चौकोनी होती, आता शेपटी आलेली. म्हटलं, खालच्या थराला वेगळी भरली असेल कंपनीने. मला काय करायचंय? मी शेपटी आधी खायची.

असं सुख एकटीने भोगू नये. मी रजनीला बोलावलं, आणि पुण्याच्या वंदनाला. एकेक गमी दिली. अर्ध्या तासात रजनी सोफा धरून बसली.

"बाप्पा! पंखा खाली येऊन राहिला!"

वंदना एरवी नाकासमोर चालणारी, मोजून हसणारी. ती लग्नात जळलेल्या पैठणीची आठवण काढून ढसाढसा रडली, आणि मग तासभर हसतच सुटली. मलाही छत जरा जवळ आल्यासारखं वाटलं. दोघींना आता गाडीत एकटं बसवायचं नाही, म्हणून घरून माणसं बोलावली. सायली कोपऱ्यात उभी राहून ओठ चावत होती. मला वाटलं, रागावलीय.

आणि मग ट्रेसीने बातमी दिली. कायदा कडक होतोय, ह्या गम्या कदाचित बंदच होणार. म्हणजे पुन्हा तो जिना, पुन्हा ते पूर्वज?

ट्रेसी म्हणाली, "तुम्ही गिऱ्हाईक आहात, गप्प बसू नका. आमदाराच्या ऑफिसात जा, तुम्हाला काय फायदा झाला ते सांगा."

बास! मोर्चा! आणि बायकांचा मोर्चा म्हटला की हातात लाटणं हवंच. आम्ही तिघी नऊवारी नेसून, तीन लाटणी घेऊन गाडीत बसलो. ड्राइव्ह करायला सायली. बिचारी स्टिअरिंग धरून गयावया करत होती.

"आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"आल्यावर सांग."

"आल्यावर उशीर होईल हो!"

"मोर्चाला निघताना कोणी मागे ओढतं का?"

ऑफिस होतं एका डोनटच्या दुकानाला चिकटून. आतल्या बाईने आमच्याकडे बघितलं, लाटण्यांकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाली, "बेकिंग क्लास पलीकडच्या दारात."

मी लाटणं टेबलावर ठेवलं आणि सुरू केलं. "बाई, लेकरांच्या हाती लागणार नाही असा नियम करा. तपासल्याशिवाय विकू देऊ नका. भेसळ करणाऱ्याला फोडून काढा, हे घ्या माझं लाटणं! पण सरसकट बंदी नको. म्हातारीचा जिना बंद करू नका!"

सायलीने एवढ्या सगळ्याचं इंग्रजी चार शब्दांत केलं. बाईने विचारलं, "तुम्ही इथल्या मतदार का?"

"मत आमच्या गावाला आहे, पण गुडघा इथे आहे!"

आणि मी तिथल्या तिथे फरशीवर मांडी घातली. हात न टेकता उठले. रजनी-वंदनाने टाळ्या वाजवल्या. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं हो!

ती म्हणाली, "मी साहेबांना नक्की सांगेन. कोणती गमी घेता तुम्ही?"

मी रुबाबात डबी उघडली. तिने एक गमी उचलली. उजेडात धरली. वास घेतला.

"ही माझा मुलगा रोज शाळेत जाताना खातो."

सायलीने इंग्रजीचं मराठी केलंच नाही. छताकडे बघत राहिली.

"सायली. ती काय म्हणाली?"

"आई... मीराच्या व्हिटॅमिनच्या आहेत. डायनोसॉरच्या. तुमच्या मी तिसऱ्याच दिवशी साबणाच्या पाण्यात बुडवून टाकल्या. मला भीती वाटली होती. मग तुम्ही जिन्यावरून धावायला लागलात, कसं सांगणार?"

रजनीने विचारलं, "म्हणजे तो पंखा?"

"मावशी, आमच्या हॉलमध्ये पंखाच नाहीये."

वंदना लाटणं पदराखाली लपवत बाहेर पडली. मी ताठ मानेने तिच्या मागे. आणि पार्किंगमध्ये, देवाशपथ सांगते, दोन्ही गुडघे असे ठणकले की मी मटकन गाडीला टेकले.

सायलीने जवळ येऊन हळूच विचारलं, "आई, एक डायनोसॉर देऊ?"

मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग आजूबाजूला बघितलं.

घेतला. शेपटी आधी खाल्ली. आणि घरी पोचल्यावर जिना परत धावत चढले!