काळा चष्मा आणि आमची गल्ली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. मूर्खपणा अख्खाच्या अख्खा माझा आहे. म्हणजे मदतीला गल्ली होती, नाही म्हणत नाही. पण कल्पना माझी.

तर, माझी पुतणी केतकी. मोठ्या दिरांची मुलगी, नाशिकची. नोकरी लागली बेलापूरला, तेव्हापासून आमच्याकडे पनवेललाच असते. तिला साताऱ्याचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी इकडचीच, पनवेलातच करंजाड्याला फ्लॅट घेतलाय. नाशिकला कांदेपोहे झाले, दोघं एकमेकांना आवडली. आवडली म्हणजे काय, केतकी आंघोळीला जातानासुद्धा फोन घेऊन जायला लागली.

घोडं अडलं ते पनवेलवर.

मुलाच्या आईने कुठेतरी इथल्या चोऱ्यांच्या बातम्या वाचल्या होत्या. तिचं म्हणणं, पोरगं ऑफिसला गेलं की सून अशा गावात एकटी कशी वावरणार? नाशिकहून माझ्या जाऊबाईंचा फोन आला. "नीता, तू तिथे राहतेस, तूच त्यांच्याशी बोल. पोरीचं सगळं तुझ्या बोलण्यावर आहे."

झालं. मी फोन लावला. मुलाच्या आईला एक सवय आहे, प्रत्येक वाक्याच्या आधी 'मी काय म्हणते' म्हणायची.

"मी काय म्हणते, तिकडे म्हणे बायकांच्या गळ्यातलं ओढतात?"

"छे हो. पनवेल म्हणजे अगदी घरासारखं," मी म्हटलं. आणि हे म्हणताना माझा डावा हात कुठे होता? मंगळसूत्रावर. ते मी सेफ्टीपिनने ब्लाउजला टाचलेलं असतं.

आता मी खोटं बोलले का? नाही हो. अर्धं बोलले.

कारण खरं सांगायचं तर आमच्या पनवेलात दाराबाहेर ठेवलेली चप्पल दाराबाहेर राहील याची खात्री नाही. स्टँडवर पर्स पोटाशी धरून चालावं लागतं. आमच्या ह्यांची स्कूटर बाजारातून गेली ती गेलीच, हेल्मेट तेवढं परत मिळालं, तेही दुसऱ्याच कुणाचं. आणि माझं मंगळसूत्रसुद्धा एकदा ओढलंय. बाईकवरून दोघं आले, खस्सकन ओढलं आणि निघाले. मी नुसती उभी. तोंडातून आवाज फुटेना.

पण तेव्हा काय झालं सांगू? आमच्या गल्लीच्या तोंडाशी जनाबाई शहाळी विकते. इंग्रजांच्या गोळ्या झेललेल्या चिरनेरची आहे, अंगाने उभी-आडवी सारखीच. ती हातातल्या कोयत्यासकट त्या बाईकच्या मागे धावली. समोरच्या बेकरीचे युसुफभाई हातात पावाची लादी घेऊन धावले. पावाने ते काय करणार होते, त्यांनाच माहीत. पण धावले. नाक्यावर गर्दीत बाईक अडकली तसं त्या चोरांनी मंगळसूत्र फेकलं आणि पळ काढला. जनाबाईने ते आणून माझ्या हातात दिलं आणि मलाच ओरडली, "आता रडतंय काय? पदर घे की नीट."

त्या दिवसापासून मला कुणी पनवेल सोड म्हटलं तरी मी सोडणार नाही. पण हे सगळं साताऱ्याला फोनवर कसं सांगायचं? 'चोर आहेत हो, पण आमची जनाबाई धावते' असं?

म्हणून मी अर्धंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काय म्हणते, आम्ही घरात विचार करून कळवतो."

विचार करून कळवतो. हे शब्द लक्षात ठेवा. मी नाही ठेवले.

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये घरफोडी झाली. भरदिवसा. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर सूचनांचा पाऊस. चोर आधी रेकी करून जातात. घरात किती माणसं, दिवसा कोण असतं, सगळं विचारून ठेवतात. आणि हल्ली म्हणे सभ्य दिसणारा वयस्कर माणूस पाठवतात, म्हणजे संशय येत नाही. मी ते वाचलं, चार ग्रुपवर पुढे पाठवलं आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले. आमची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर. अख्खी गल्ली दिसते. कुणी नेमलेलं नसताना मी पहारा सुरू केला.

तिसऱ्या प्रहराला युसुफभाईंचा फोन.

"भाभी, घाबरू नका. एक साहेब आलेत दुकानावर. तुमच्या घराची फार मालूमात काढतायत."

"काय विचारलं?"

"घर खुद का आहे की भाड्याचं. माणसं किती. दिवसा कोण असतं. मुलगी किती वाजता येते, कुणाबरोबर येते. दिसायला शरीफ आहेत. पण भाभी, काळा चष्मा आहे."

मी वाकून बघितलं. साठीचा माणूस. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी आणि डोळ्यांवर हा एवढा मोठा काळा चष्मा. आणि करत काय होता? मोबाईल वर करून आमच्या बिल्डिंगचा फोटो काढत होता. आमच्या बिल्डिंगचा! बिल्डरनेसुद्धा कधी काढला नसेल.

माझी खात्रीच पटली. आता मी काय करायला हवं होतं? शांतपणे खाली जाऊन विचारायला हवं होतं. मी काय केलं? मंगळसूत्र ओढलं तेव्हा जो आवाज फुटला नव्हता ना, तो आत्ता फुटला.

"जनाबाई! चष्मेवाला! धरा त्याला!"

जनाबाईला एवढं पुरे होतं. मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत तो माणूस युसुफभाईंच्या बेकरीत खुर्चीवर बसवलेला होता, शटर अर्धं खाली आणि समोर पावाच्या क्रेटवर जनाबाई, मांडीवर कोयता.

मी म्हटलं, आपण शिकलेल्या बायका, चौकशी रीतसर झाली पाहिजे.

"काका, इथे काय काम होतं तुमचं?"

"काम असं नाही. सहज."

"सहज फोटो काढलात?"

"बिल्डिंग चांगली वाटली."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या बिल्डिंगला इतक्या वर्षांत कुणीही चांगलं म्हटलेलं नाही. माणूस खोटं बोलतोय हे सिद्ध झालं.

"आलात कुठून?"

"बाहेरून."

"कुणाकडे?"

"कुणाकडे असं नाही."

"नाव काय?"

"नावाचं काय घेऊन बसलात ताई."

"चष्मा काढा बघू."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टर नको बोलला म्हने," जनाबाई म्हणाली. "मनाबी डॉक्टर बोललाय, रागवू नको, बीपी हाय. मी आयकतंय का? ए बाबा, मी चिरनेरची हाय. आमचं आजंपनजं गोऱ्या सायबाला नाय घाबरलं. तू कोन?"

तो माणूस कोयत्याकडे बघत म्हणाला, "मी कोणीच नाही."

युसुफभाई माझ्या कानाशी आले. "भाभी, पोलिसांना फोन करू? की आधी पाणी देऊ? घाम आलाय त्यांना."

"आधी पाणी द्या," मी म्हटलं. काही झालं तरी पाहुणा... म्हणजे चोर. उन्हातून आलेला.

तो पाणी पीत होता तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं आणि पटकन परत खिशात घातला. संशय अजून वाढला.

"उचला ना भाईसाब," युसुफभाई म्हणाले. "स्पीकरवर घ्या. आपलाच माणूस समजा आम्हाला."

त्याने माझ्याकडे बघितलं, जनाबाईकडे बघितलं आणि उचलला. पलीकडून बाईचा आवाज, हळू, दबका.

"पोचलास का रे? घर बघितलंस? ती बाई दिवसा एकटीच असते ना, मग नीट बघून घे. कशाला आलायस ते कुणाला कळू देऊ नकोस. आणि मुलगी ऑफिसातून येईल तेव्हा जरा मागे मागे जाऊन बघ."

"बगा," जनाबाई म्हणाली, "टोली हाय. ही बाय म्होरकी."

  मी मान डोलावणार तेवढ्यात पलीकडून पुढचं वाक्य आलं.

"मी काय म्हणते, ऐकतोयस ना?"

हा आवाज मी ओळखत होते हो! याच आवाजाला मी सांगितलं होतं, पनवेल अगदी घरासारखं.

मी फोन घ्यायला हात पुढे केला. पण जनाबाई माझ्याआधी फोनवर वाकली. "ए बाय, तुजा मानूस आमी धरून ठेवलाय. तूबी ये, शहाल्यासंगं तुजाबी टकला फोरतंय."

मी फोन हिसकावला आणि बंद केला. 

"तुम्ही," मी म्हटलं, "साताऱ्याचे का हो?"

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "आता लपवून काय करायचं. मी मुलाचा मामा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून नाशिकला आलो नव्हतो. ताई म्हणाली, जाऊन गुपचूप चौकशी करून ये. कुणी काही म्हटलं तरी नाव सांगू नकोस. म्हणून नाही सांगितलं."

मला बसायला काही दिसेना, तर मी जनाबाईच्या शेजारी क्रेटवरच बसले.

अहो, मुलाकडचा माणूस येऊन गुपचूप चौकशी करून जातो हे मला माहीत नव्हतं का? माझ्या धाकट्या भावाच्या वेळेस मी स्वतः मुलीच्या गल्लीत जाऊन तिथल्या वाण्याकडून चहापत्ती घेत घेत सगळं काढून घेतलं होतं. घर स्वतःचं का, माणसं किती, मुलगी येते कधी. हेच प्रश्न, याच क्रमाने. फक्त मला कुणी कोयता दाखवला नव्हता. ते गाव खरंच सुरक्षित होतं.

डोळ्यांसमोर केतकी आली. फोन घेऊन आंघोळीला जाणारी. तिला काय सांगू? तुझं लग्न काकूने बेकरीत बसून मोडलं? आणि जाऊबाईंना?

"मामा," मी म्हटलं, "माफ करा. चूक माझी आहे. मुलीचा यात काही दोष नाही हो. पोर गुणी आहे. काकू तिने निवडलेली नाही."

ते काही बोलायच्या आत फोन परत वाजला. ताई. या वेळेस त्यांनी स्पीकरवर घेतला नाही. आम्हाला इकडची बाजूच ऐकू येत होती.

"हो, ठीक आहे मी. नाही नाही, पळवलं नाही. बसवलंय. खुर्चीवर. ती शहाळेवाली होती. अगं, चोर समजले मला. कोण म्हणजे? मुलीची काकू."

मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मी मनात ज्या ज्या देवाला ओळखत होते त्या सगळ्यांना हाक मारली. युसुफभाईंचे ओठही हलत होते, म्हणजे त्यांच्याही बाजूने प्रयत्न चालू होते.

"ताई, आता माझं ऐक," मामा म्हणाले. "साताऱ्याला आपल्या सोसायटीतून चोर खांद्यावर सिलिंडर घेऊन गेला, आठवतंय? सगळ्यांनी बघितला. सगळे म्हणाले, आम्हाला वाटलं गॅसवाला. इथे मी नुसतं मुलगी कधी येते विचारलं तर गल्ली अंगावर आली. चोर इथे असतील की नाही मला माहीत नाही. पण तुझी सून करंजाड्याला राहिली काय नि इथे राहिली काय, एकटी नाही पडायची. कळव त्यांना. हो म्हण."

हो म्हण! मी ऐकलं, युसुफभाईंनी ऐकलं, जनाबाईला अजून नीट कळलं नव्हतं पण तिनेही ऐकलं. माझ्या छातीवरून कुणीतरी तो सिलिंडर उतरवून ठेवल्यासारखं वाटलं. मला रडू आलं की हसू, नक्की सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

शटर वर गेलं. युसुफभाईंनी नानकटाई काढली, गरम. चहा मागवला. जनाबाईने त्याच कोयत्याने एक शहाळं फोडून मामांपुढे धरलं. "मामा, मना काय ठाव तुमी सोयरं हाव ते? आदी बोलायचं ना. मलईवाला हाय, खावा. पैसं नाय घेनार."

मामांनी शहाळं दोन्ही हातांनी घेतलं. कोयता खाली ठेवल्यावर.

आता खरं म्हणजे मी इथेच गप्प बसायला हवं होतं. लग्न ठरलं, अब्रू वाचली, अजून काय हवं? पण जीव हलका झाला की माझी जीभही हलकी होते. मी म्हटलं, "मामा, मग साताऱ्याला सगळ्यांना सांगाल ना, पनवेलात घाबरण्यासारखं काही नाही म्हणून?"

मामांनी शहाळं संपवलं. रुमालाने ओठ टिपले. काळा चष्मा नीट केला आणि मान वर करून आमच्या गॅलरीतल्या माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

"सांगतो की," ते म्हणाले. "स्टँडला भीती नाही, बाजारात भीती नाही, गल्लीतही नाही. दुसऱ्या मजल्यापासून तेवढं जपायचं."